किंचित वाकडं

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जगातल्या झाडून सगळ्या विषयांवर अधिकारवाणीने बोलतात. कोंबड्यांवर मात्र फारसं बोलत नाहीत, कारण त्या विषयातलं त्यांना खरोखरच कळतं. अंड्यांच्या साठ हजार कोंबड्या असलेल्या फार्मवर ते वीस वर्षं मॅनेजर होते. शेडच्या दारात उभं राहून, नुसत्या कलकलाटावरून, "पाचव्या रांगेत पाणी तुंबलंय" असं सांगायचे, आणि तुंबलेलं असायचं.

मी पशुरोग प्रयोगशाळेत काम करते. पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू कुठल्या पेशींना चिकटतो, हे तपासणं हे माझं काम. भाऊजी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ही साखरेला काय चिकटतं ते बघते. मुंग्या फुकट बघतात, हिला त्याचा पगार आहे." यातली संतापजनक गोष्ट अशी, की शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं वाक्य बरोबर आहे.

सगळा कारभार साखरेचाच. पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, आणि विषाणूला आत शिरायचं तर आधी त्यातल्या एखाद्या साखळीचं टोक धरावं लागतं. पक्ष्यांच्या पेशींवर हे टोक एका तऱ्हेने जोडलेलं असतं, माणसाच्या नाकाघशात बहुतेक ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेने. पुस्तकांत त्यांना लांबलचक नावं आहेत. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना 'सरळ' आणि 'वाकडी' म्हणतो. कोंबड्यांचा विषाणू सरळमार्गी. तो सरळ साखळी धरतो आणि सहसा माणसाच्या वाकड्यात शिरत नाही. म्हणून कोंबड्या लाखांनी मरतात आणि आपण सकाळी अंडं मिळालं नाही म्हणून कुरकुरत कामाला जातो. फक्त दोन ठिकाणी माणसातही सरळ साखळ्या बऱ्यापैकी असतात. एक, फुप्फुसात अगदी खोल. दुसरं, डोळ्यांत.

हे मी भाऊजींना निदान चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा त्यांनी मला उलट काहीतरी समजावलं.

त्या वर्षी थंडी सरता सरता त्यांच्या तिसऱ्या शेडमधल्या कोंबड्यांनी खाणं सोडलं. तुरे निळे पडले. तीन दिवसांत चार हजार गेल्या. नमुने आमच्याकडे आले आणि जे निघायचं तेच निघालं. उरलेल्या सगळ्या कोंबड्या नियमाप्रमाणे मारून पुराव्या लागल्या. भाऊजी आणि आठ कामगार सहा दिवस ते काम करत होते. त्यांना सरकारने पांढरे झगे दिले, हातमोजे दिले, मास्क दिले, डोळ्यांना बंद चष्मे दिले. चष्म्यांवर वाफ धरायची, समोरची कोंबडी दिसायची नाही, म्हणून भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवून काम केलं. त्यांच्या कपाळाला विषाणूची बाधा झाली नाही, हे मी इथे प्रामाणिकपणे नमूद करते.

पुढच्या रविवारी ताईकडे जेवायला गेले, तर भाऊजी काळा गॉगल लावून टेबलाशी बसलेले.

"घरात गॉगल?" मी विचारलं.

"उजेड फार आहे."

"पडदे ओढलेत की सगळे."

"डोळे आलेत त्यांचे," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "परवापासून. पिसांची धूळ गेली म्हणतात. दवाखान्यात जा म्हटलं तर मलाच डोळे दाखवतात."

"काढा बघू तो गॉगल," मी म्हटलं.

"तू कोंबड्यांना बघणारी."

"म्हणूनच म्हणते."

गॉगल काढला. दोन्ही डोळे पिकल्या टोमॅटोसारखे, पापण्या सुजलेल्या, कडांना चिकट पाणी. मी हातातली पर्स खाली ठेवली. काही बायका पर्समध्ये लिपस्टिक ठेवतात. माझ्या गाडीत नमुने घ्यायच्या काड्या आणि थंड डबा असतो. पण आधी नियमाप्रमाणे आरोग्य खात्याच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "ताप? खोकला? दम लागतो?" मी म्हटलं, "नाही, डोळे." ते म्हणाले, "डोळ्यांसाठी नेत्र विभाग. तो सोमवारी उघडतो." विषाणूला रविवारची सुट्टी असते की नाही, हे विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

मग मी मास्क-मोजे चढवून भाऊजींच्या डोळ्यांतला नमुना घेतला. ते इतके ओरडले की शेजारच्यांनी बेल वाजवली.

माणसाचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत घेऊ नये असा नियम नव्हता, कारण असं कुणी करेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फॉर्मवर 'जात' या रकान्यात कोंबडी, बदक, टर्की आणि इतर, एवढेच पर्याय. मी 'इतर'वर खूण केली. वय एकावन्न. अंडी देण्याचं प्रमाण: लागू नाही.

सोमवारी दुपारी निकाल आला. पॉझिटिव्ह.

आता मात्र यंत्रणा खडबडून जागी झाली. आरोग्य खात्याच्या साथरोग विभागातून एक डॉक्टरीणबाई आल्या. बोलायला कमी, लिहायला भरभर, कामाच्या. त्यांनी भाऊजींना वरच्या खोलीत एकटं ठेवलं, गोळ्या सुरू केल्या, ताईला सक्त ताकीद दिली: ताट दाराशी ठेवायचं, मास्क लावायचा, मागे फिरायचं. ताईने मान डोलावली. विषाणूची जनुकं वाचली, तर तो नखशिखांत कोंबड्यांचाच होता. सरळ साखळीवाला. डोळ्यात मिळाली जागा, बसला. मी निःश्वास सोडला.

सहाव्या दिवशी भाऊजींचा घसा धरला. डॉक्टरीणबाईंनी घशातला नमुना घेतला आणि आता रीतसर पत्र देऊन आमच्याकडे पाठवला. विषाणूच्या शंभरातल्या शहाण्णव प्रती पहिल्यासारख्याच. उरलेल्या चार प्रतींत जनुकांतलं एका जागचं एक अक्षर बदललेलं. आणि जागा कुठली, तर विषाणू ज्या खोबणीने साखळी धरतो, नेमकी तिथली.

लोकांना वाटतं विषाणू हुशार असतो, डावपेच आखतो. कसला हुशार! तो एक गचाळ नक्कलनवीस आहे. एका पेशीत बसून हजारो प्रती काढतो आणि एकही तपासत नाही. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. पण एवढा ढीग चुका केल्या की एखादी चूक नव्या घरात उपयोगी पडते, आणि मग तिच्याच प्रती वाढत जातात. भाऊजींच्या अंगात सहा दिवस राहून त्यातल्या चार टक्क्यांनी वाकड्यात शिरायचा सराव सुरू केला होता. माझ्या भाऊजींच्या सहवासात सहा दिवस राहिल्यावर कुणीही वाकड्यात शिरेल, पण ते अहवालात लिहिता येत नाही.

अहवालात मी लिहिलं: 'सुमारे चार टक्के प्रतींत असा बदल आढळला आहे, की ज्यामुळे माणसाच्या घशातल्या पेशींना चिकटण्याची क्षमता किंचित वाढली असण्याची शक्यता आहे.' आणि तो घेऊन संचालकांकडे गेले.

आमच्या संचालकांना आम्ही खाजगीत 'समतोलसाहेब' म्हणतो. त्यांच्या मते प्रत्येक गोष्ट समतोल हवी. आग लागली तरी ते ज्वाळांची बाजूही ऐकून घेतील. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, घातला.

"हा 'किंचित' काढा," ते म्हणाले.

"का, सर?"

"वाढली की नाही वाढली? एक काय ते सांगा."

"किंचित वाढली असेल."

"किंचित हा आकडा आहे का?"

"नाही. चार टक्के हा आकडा आहे. तो वर दिलाय."

"तोही काढा. आकडा दिला की लोक मोजायला लागतात." त्यांनी पेन उघडलं. "आणि हे 'माणसाच्या घशातल्या'... घसा कशाला मध्ये आणता? 'विषाणू पक्ष्यांचाच असून परिस्थिती समतोल आहे.' बघा, एका वाक्यात झालं."

"पण सर, हे खरं नाही."

"खोटं आहे का? शहाण्णव टक्के पक्ष्यांचाच आहे ना? परीक्षेत शहाण्णव मिळाले तर आपण पेढे वाटतो."

मी सही करायला नकार दिला. ते जराही चिडले नाहीत. "मी करतो सही. तुम्ही आज रजेवर होता असं धरू," म्हणाले. मला रजा कधी इतक्या सहज मिळाली नव्हती.

खोलीत परत येऊन मी डॉक्टरीणबाईंचं पत्र पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, की माणसाच्या नमुन्याची सर्व माहिती मागणाऱ्या डॉक्टरांना थेट द्यावी. छापील कागदाच्या तळाशी काय असतं ते कुणी वाचत नाही, म्हणून तिथे कधीकधी शहाणपण शिल्लक राहतं. मी सगळे आकडे त्यांना पाठवले. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"मधल्या सहा दिवसांत ते कुणाला भेटलेत?"

"कुणाला नाही. खोलीत आहेत."

"मीही विचारलं. मलाही तेच सांगतायत. फार पटकन सांगतायत. तुम्ही विचारून बघा."

मी आपादमस्तक झाकून वरच्या खोलीत गेले. भाऊजी पलंगावर बसले होते. डोळे जरा उतरले होते, आवाज घोगरा. मला त्या अवतारात पाहून म्हणाले, "चंद्रावरून कधी आलीस?"

"भाऊजी, कुणाला भेटलात?"

"सांगितलं ना, कुणाला नाही."

मी खुर्ची ओढून लांब बसले. खरं तर तेव्हा मला त्यांचा गळा धरायचा होता. पण तिथे आधीच बरंच काही धरून बसलेलं होतं. मी त्यांना पहिल्यांदा, टोमणा न मारता, सगळं सांगितलं. चार टक्के म्हणजे काय ते. आज चार आहेत, दुसऱ्या कुणाच्या घशात गेले तर कदाचित चाळीस होतील, कदाचित शून्य होतील, आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेच भीतीचं आहे. ताट घेऊन दाराशी रोज ताई येते, तेही सांगितलं.

भाऊजींनी मध्ये एकदाही मला काही समजावलं नाही. फक्त म्हणाले, "म्हणजे हे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही. तुमच्यात."

त्यांनी चादरीची घडी उगाच सरळ केली. "मालकांनी बोलावलं होतं. चौथ्या दिवशी, सकाळी. मागच्या जिन्याने गेलो, तासाभरात आलो. सगळ्या कामगारांनी चष्मे नीट वापरले, असं लिहून हवं होतं त्यांना."

"आणि तुम्ही दिलंत?"

"वीस वर्षं मीठ खाल्लंय त्यांचं," ते म्हणाले. आणि मग, खाली बघत, "दिलं."

"तिथे आणखी कोण होतं?"

आता ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्यासारखे झाले. "तुझे साहेब. नाश्त्याला आले होते. मला शेजारी बसवलं. मी मास्क लावून होतो, तर म्हणाले, काढा हो, घरचेच आहोत आपण."

डॉक्टरीणबाईंना द्यायच्या यादीत मी साहेबांचं नाव लिहिलं.

"आणि ते आठ जण?" मी विचारलं. "त्यांचे डोळे?"

"दोघांचे लाल आहेत. मालक म्हणाले, आजारी पडेल त्याने परत येऊ नये. म्हणून गप्प आहेत." त्यांनी हात पुढे केला. "माझा फोन दे इकडे."

आठही जणांना भाऊजींनी स्वतः फोन केले. घोगऱ्या आवाजात, एकेकाला. मी ऐकत होते. "मॅनेजर म्हणून नाही सांगत. माझंच चुकलं, मी चष्मा कपाळावर ठेवला म्हणून तुम्हीही ठेवलात. दवाखान्यात जा. नाव विचारलं तर माझं सांगा." एकाने बहुतेक नोकरीचं विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "डोळे राहिले तर दुसरी बघता येईल." वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द ऐकले नव्हते. उच्चार थोडा अडखळला, पण आला.

समतोलसाहेबांना डॉक्टरीणबाईंनी कळवलं. तासाभरात त्यांचा मला फोन.

"अहो, ते तुमचं... किंचित."

"हो सर?"

"किंचित म्हणजे नक्की किती?"

"सर, तो आकडा नाही."

"माहितेय मला! पण अंदाजे? म्हणजे समजा, एखादा माणूस एखाद्या माणसाच्या शेजारी तासभर बसला, आणि मध्ये फक्त फळांची थाळी होती..."

"परिस्थिती समतोल आहे, सर," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, असं नंतर वाटलं. फार नंतर.

साहेब घरी एका खोलीत बंद झाले. मालक त्यांच्या बारा खोल्यांच्या घरात बंद झाले आणि कोंडमारा होतो म्हणून तक्रार करू लागले. साहेबांनी आपली तपासणी तीन वेळा करून घेतली. दोनदा नकारार्थी आल्यावर तिसऱ्यांदा, "वाकड्या साखळीच्या अनुषंगाने पुन्हा बघा," अशी चिठ्ठी लिहिली. आणि अहवाल स्वतःच्या हाताने बदलून माझ्याकडे पाठवला. आकडा परत आला, घसा परत आला, आणि 'किंचित'च्या जागी आलं 'लक्षणीय'. समोर 'अत्यंत' असाही शब्द होता, तो खोडून पुन्हा लिहिलेला.

मी 'लक्षणीय' काढलं आणि 'किंचित' लिहिलं. साहेब फोनवर कळवळून म्हणाले, "तुम्हाला माझ्या जिवाची काही किंमत आहे की नाही?" मी म्हटलं, "आहे सर, पण ती या वाक्यात बसत नाही." यावेळी माझ्या सहीसकट अहवाल गेला.

आणि पुढे? पुढे काही झालं नाही. आमच्या धंद्यात याहून मोठं यश नसतं, आणि याच्याबद्दल कुणी टाळ्याही वाजवत नाही. ज्या दोन कामगारांचे डोळे लाल होते त्यांच्यात विषाणू सापडला, पण निव्वळ सरळमार्गी. गोळ्यांनी आठवड्यात बरे झाले. मालक आणि साहेब कोरडे सुटले. अकराव्या दिवशी भाऊजींच्या घशात काहीच उरलं नव्हतं. ते चार टक्के तिथेच संपले. पुढे काही आठवड्यांनी त्या बदललेल्या प्रतीचं फक्त चिकटणारं प्रथिन वेगळं बनवून तपासलं. वाकड्या साखळीला ते चिकटत होतं. पहिल्यापेक्षा जास्त, पण सैल. कुणीतरी दाराची कडी हलवून बघावी आणि निघून जावं, इतपत.

साहेबांनी पत्रक काढलं, 'संचालकांच्या वेळीच केलेल्या हस्तक्षेपामुळे धोका टळला.' मालकांनी भाऊजींना कामावरून काढलं. कारण लेखी दिलं: विलगीकरणाचे नियम मोडून बाहेर पडणे. कुणाच्या घरी जाण्यासाठी बाहेर पडले, ते लिहायला कागदावर जागा नसावी. भाऊजींनी उलट टपाली आपली चष्म्यांबद्दलची सही मागे घेतली आणि प्रत डॉक्टरीणबाईंना पाठवली. आता त्या खात्यातर्फे ते फार्मफार्मवर जाऊन कामगारांना शिकवतात. परवा मला चष्म्याच्या काचेवर वाफ का धरते, यावर त्यांनी चाळीस मिनिटं समजावलं. मी ऐकून घेतलं.

महिन्याने घरातल्यांच्या रक्ताची तपासणी झाली. नकळत लागण होऊन गेली असेल तर रक्तात खूण राहते, म्हणून. ताईचा निकाल सांगायला मी स्वतः गेले. दुपारची वेळ होती, ती टेबल पुसत होती, भाऊजी वर्तमानपत्र वाचत, म्हणजे वर्तमानपत्राच्या चुका काढत, बसले होते.

"ताई, काही नाही तुझ्या रक्तात. स्वच्छ."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला जरा धाकधूक होती."

"तुला कशाला धाकधूक? तू तर दारापर्यंतच जात होतीस."

ती टेबल पुसत राहिली. एकच कोपरा, पुन्हा पुन्हा.

"ताई?"

"रोज दुपारी मी बसायचे आत. तासभर," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. ह्यांना एकट्याने जेवण जात नाही गं."

"मास्क लावून?"

"हे डोळे मिटून पडलेले असायचे. माझा चेहरा दिसायचा नाही तो नाहीच, आवाज तरी नीट ऐकू यायला हवा की नको?"

मी जे बोलायला सुरुवात केली ते इथे देत नाही. त्यात विषाणूशास्त्र कमी आणि आमच्या दोघींच्या बालपणाचा इतिहास जास्त होता. संपर्कातल्यांच्या यादीत तुझं नाव 'कमी धोका' म्हणून मी माझ्या हाताने लिहिलं, तू मला खोटं सांगितलंस, डॉक्टरीणबाईंना सांगितलंस, तुला काही झालं असतं तर!

"चिमणे, तू विचारायला आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं होतंस का?" ती शेवटी म्हणाली. "पांढरंफटक. खरं सांगितलं असतं तर तू माझ्याकडेच बघत बसली असतीस. मग यांच्याकडे कुणी बघायचं?"

मी भाऊजींकडे वळले. त्यांना तर ठाऊकच होतं. रोज दुपारी, तासभर. मी त्या खोलीत ताईचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी चादरीची घडी का सरळ केली, ते मला आत्ता कळलं.

"तिला बाहेर घालवायचं ना!" मी ओरडले.

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. काहीतरी समजावण्यासाठी तोंड उघडलं.

"त्यांनी घालवलं होतं," ताई म्हणाली. "रोज. मी काय त्यांचं ऐकते थोडीच."

तिने फडकं पिळलं, झटकलं आणि खिडकीच्या कडीला वाळत घातलं.

"झालं असेल भांडून, तर हात धुऊन घ्या दोघांनी," ती म्हणाली. "भात निवतोय."